गप्प आकडा

कोणी मोबाइल नंबर सांगितला की आपण तो लिहून घेतो. मामा आधी भागून बघायचे.

डोळे अर्धे मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय, ओठ हलताहेत आणि समोरचा माणूस म्हशीचा कासरा धरून ताटकळत उभा, हे चित्र आमच्या दवाखान्यात रोजचं होतं. मिनिटभराने मामा डोळे उघडायचे. "सातानं जातो. ठीक हाय, लिवतो." मग कुठे खिशातून पेन बाहेर यायचं.

"आन न्हाई गेला तर?" एका दूधवाल्याने एकदा विचारलं.

"तर नजर ठेवावी लागती," मामा म्हणाले. दूधवाला हसला. मामा हसले नाहीत.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. घरोघर माहिती गोळा करायला आलेल्या शिक्षिकेलाही त्यांनी दारातच विचारलं होतं, "नाव कावून पायजे? काय करनार नावाचं?" सरकारी दवाखान्यातल्या परिचराला सगळे मामाच म्हणतात, तेव्हा आपणही मामाच म्हणू.

आष्टी तालुक्यातल्या एका लहानशा गावात आमचा जनावरांचा दवाखाना. मी तिथे पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले. माहेर अंबाजोगाईचं, शिक्षणही तिथलंच, त्यामुळे आपण फार शहरातून आलोय असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी मामांनी माझा मोबाइल नंबर विचारला. मी भराभर सांगितला. ते खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. बराच वेळ लागला. परत आले तेव्हा कपाळाला आठी होती.

"गप्प हाय," ते म्हणाले.

"कोण?"

"तुमचा नंबर. दोननं जात न्हाई, तीननं न्हाई, सातानं न्हाई, अकरानं न्हाई, तेरानं न्हाई. काईच बोलत न्हाई." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "नजर ठेवावी लागंल, मॅडम."

नोकरीचा पहिला दिवस आणि परिचर मला सांगतोय की तो माझ्यावर नजर ठेवणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. पावसाळी हवा आहे, छत्री घ्या, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं.

मामांच्या लेखी आकड्यांच्या जाती होत्या. सम आकडा उघडा. पाचाने संपणारा बोलका. तीनने किंवा नवाने जाणारा "मानसात बसनारा". आणि लहान आकड्यांपैकी कुणानेच न जाणारा तो गप्प. शाळेत आपण मूळ संख्या शिकतो, ती या गप्प लोकांची शेवटची पायरी. पण एखादा आकडा खरोखर मूळ आहे की मोठ्या आकड्याने जाणारा आहे, हे भागत राहिल्याशिवाय कळत नाही, आणि तेवढा वेळ कुणाला असतो? "गप्प हाय म्हून वाईट हाय असं न्हाई," मामा म्हणायचे. "पर बोलंस्तवर इस्वास कसा ठेवावा?"

त्यांचा तसा विश्वास कशावरच नव्हता. भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता, म्हणून ते समोरच्या शाळेच्या घंटेशी ताडून बघायचे. मग शाळेच्या शिपायावर शंका यायची. कुलूप लावलं की तीन वेळा ओढायचे, चार पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा. लसीची पेटी आली की बर्फ वितळलाय का हे बघायच्या आधी पेटी आणणाऱ्याचा चेहरा बघायचे. चहा स्वतःच्या पेल्यातच घ्यायचे, आणि तो पेला विसळूनच ठेवलेला असला तरी पुन्हा विसळायचे.

शिक्षण सातवीपर्यंत. पण बारा आकडी नंबर त्यांच्यासमोर टाकायचा अवकाश, ते त्याची हाडं मोजायचे. रीत त्यांनी मला एकदा सांगितली. नंबराचे तीन-तीन आकड्यांचे चार तुकडे पाडायचे. शेवटच्या तुकड्यातून तिसरा वजा करायचा, दुसरा मिळवायचा, पहिला वजा करायचा. उणे आलं तर हजार एक मिळवायचे, हजार एकच्या वर गेलं तर तेवढे काढायचे. खाली जी बाकी उरते ती सात, अकरा किंवा तेराने गेली, तर अख्खा नंबर त्या आकड्याने जातो. आणि बाकी शून्यच आली, तर तिन्हींनी.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. ल्हानपनी गुरांमागं पाडे म्हनायचो. सत्त्याहत्तरचा पाडा म्हनत म्हनत तेरावर आलो, तर हजार एक. मला शक आला. इतका नीटनेटका आकडा उगं येत न्हाई." सात गुणिले अकरा सत्त्याहत्तर, सत्त्याहत्तर गुणिले तेरा एक हजार एक. मी मोबाइलवर करून पाहिलं. बरोबर होतं. मी करून पाहिलं याचा मामांना राग आला नाही, उलट बरं वाटलं. "भागून बघावंच," ते म्हणाले. "मानूस लपतो, बाकी लपत न्हाई."

बारा आकडी नंबरांना आमच्याकडे तोटा नव्हता. प्रत्येक गाय-म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा, त्यावर बारा आकडे छापलेले. मामा पक्कड धरून बिल्ला मारायचे आणि नंबर तीन-तीन आकडे करून मोठ्याने वाचायचे, मी नोंदवहीत लिहायची आणि नंतर मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर चढवायची. लिहून झालं की मामा वही बघून नवाचा ताळा घ्यायचे. म्हणजे मी लिहिलेल्या नंबरातले सगळे आकडे मिळवायचे, बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एक आकडा उरेपर्यंत. बिल्ल्यावरच्या नंबराचंही तसंच. दोन्हीकडे एकच उरला की माझ्या नोंदीपुढे त्यांची लाल बरोबरची खूण. चारचौघांसमोर कुणीतरी आपलं गणित तपासतंय याचा मला भयंकर राग यायचा. मी दोन-तीनदा तोंडावर बोलून दाखवलं. ते ऐकून घ्यायचे आणि खूण करायचे.

आता माझी गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला फारसं बरं वाटत नाही.

मामांच्या सदऱ्याच्या खिशात एक लहान वही असायची. कुणाला दाखवायचे नाहीत. कुणी जवळ आलं की मिटायचे. संध्याकाळी घरी जाताना ते स्टँडजवळच्या एका टपरीवर तंबाखू घ्यायला थांबायचे, आणि त्या टपरीवर मटक्याचे आकडे लावले जातात हे सगळ्या गावाला माहीत होतं. दिवसभर आकडे पुटपुटणारा माणूस, लपवलेली वही आणि ती टपरी. मी दोन आणि दोन मिळवले.

एकदा एक म्हैस विताना अडली होती. मामांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि ते मागच्या अंगणात मदतीला गेले. खिशातून वही खाली पडली ती उघडीच पडली. मी वाकून पाहिलं. वर तारीख. खाली नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक संख्या. दगडू ४१२. शेषेराव ८७. कडूबाई ०. मटक्याचे आकडे असेच एक, दोन नाहीतर तीन आकडी असतात एवढं मला ऐकून माहीत होतं. गावच्या लोकांची नावं आणि पुढे आकडे! हा माणूस सरकारी दवाखान्यात बसून लोकांचे आकडे घेतो, अशी माझी खात्रीच पटली. बाहेर जाऊन त्यांना विचारता आलं असतं. मी मोबाइल काढून पानाचा फोटो काढला, वही होती तशी खिशात घातली आणि फोटो आमच्या डॉक्टरांना पाठवून दिला. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचे. हजार एकची रीत मला ठाऊक होती, तरी त्या तीन आकड्यांशी ती मी जोडली नाही. खरं सांगायचं तर मला जोडायचीच नव्हती.

मामांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिलं: "सदर आकडे जनावरांचे आहेत." डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, पण कटकट नको म्हणून त्यांनी कागद फाइलला लावला. त्याच दुपारी वापरलेला कापूस आणि पट्ट्या जाळतो त्या खड्ड्यात मामांनी वही टाकली. मी खिडकीतून बघत होते. पुरावा नष्ट केला, असंच माझ्या मनात आलं.

ते हात धुऊन आत आले. माझ्यासमोर बसले, तसे ते कधी बसत नसत.

"मॅडम, कुनीतरी फोटो काढला बगा. टपरीवाल्यावर शक हाय. पेटी आननाऱ्यावर हाय. डॉक्टरवर बी हाय." थोडं थांबून म्हणाले, "तुमी सोडून समद्यांवर हाय."

"माझा नंबर तर गप्प आहे ना," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

"व्हय. पर तुमी तोंडावर बोलता."

मी चहाचा कप उचलला आणि तो रिकामा होता तरी पीत राहिले. त्या दिवशी सांगून टाकलं असतं तर सोपं होतं. मी सांगितलं नाही.

यानंतर तीन महिन्यांनी कडूबाईचं प्रकरण झालं. कडूबाई मेंढरं राखणारी. दर वर्षी सुगी झाली की तिचं बिऱ्हाड गावाबाहेरच्या रिकाम्या रानात उतरायचं. शंभरेक मेंढरं, दोन कुत्री आणि एक लाल गाय. गाय तिच्या आईने दिलेल्या कालवडीच्या पोटची. कडूबाई मेंढरांना शिव्या द्यायची, गाईशी मात्र हळू बोलायची. त्या वर्षी आम्ही रानात जाऊन तिच्या गाईलाही बिल्ला मारला होता.

गावचे पुढारी आप्पा. जमीन मोठी, गोठा मोठा, स्वभावाने तसे वाईट नव्हते; पण आपल्या गाईंच्या कानाला भोक पाडायचं नाही म्हणून त्यांनी आम्हाला तीनदा परत पाठवलं होतं. त्यांची लाल गाय एका दुपारी रानातून नाहीशी झाली. दोन दिवस शोधाशोध झाली आणि मग कुणीतरी म्हणालं, मेंढरवाल्या बाईकडे लाल गाय आहे. तिच्याकडे लाल गाय पाच वर्षांपासून होती, पण ते कोण आठवतो? फिरस्त्या माणसावर संशय घ्यायला गावाला कारण लागत नाही.

पोलिस ठाण्याच्या जमादारांनी गाय, कडूबाई आणि आप्पा यांना आमच्या दवाखान्यात आणलं. कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर त्यांनी माझ्या मोबाइलवर टाकायला सांगितला. मी टाकला. ॲप म्हणालं, नोंद नाही. मी कडूबाईच्या नावाने शोधलं. तिच्या नावावर एक लाल गाय होती, पण नंबर निराळा.

"झालं की," आप्पा म्हणाले. "हिची गाय हिनं कुटं तरी इकली, माजी धरली आन कुटला तरी बिल्ला ठोकला."

"आवं साहेब, माजी गाय हाय ती," कडूबाई म्हणाली. "म्या बोलावते, बगा येती का न्हाई." तिने हाक मारली आणि गाय दावं ताणून तिच्याकडे निघाली.

"भाकरी दावली की गाय कुनाकडं बी जाती," आप्पा म्हणाले. कडूबाईच्या हातात भाकरी नव्हती.

जमादारांनी वही काढली. "बाई, गाय हितंच ऱ्हाईल. तुला ठान्याला यावं लागंल."

कडूबाई खाली बसली. ती रडली नाही. "रानात मेंढरं एकटी हाईत," एवढंच म्हणाली. मला तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी नोंदवही उघडली. दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिले.

बिल्ल्यावर: ६१० २१७ ५८६ ९७९.

माझ्या वहीत: ६१० २७१ ५८६ ९७९.

दुसऱ्या तुकड्यातले शेवटचे दोन आकडे उलटे. मला तो दिवस आठवला. मामा नंबर वाचत होते आणि मी खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून तालुक्याच्या ऑफिसला किती जनावरं झाली ते सांगत होते. आणि त्या चुकीच्या नंबरापुढे मामांची लाल बरोबरची खूण होती. सगळे आकडे तेच असल्यावर बेरीजही तीच येणार. नवाच्या ताळ्याला आकडे जागचे हललेत हे दिसतच नाही.

"लिहिताना माझी चूक झाली," मी म्हणाले. "ही तिचीच गाय आहे."

जमादार हसले. "आता असं म्हनाल तुमी. आज दया आली म्हून." त्यांचंही चूक नव्हतं. नंबर जुळत नाही, आणि जिने तो लिहिला तीच आता म्हणते की चुकला.

मामा आतापर्यंत भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले, गाईचा कान हातात धरला, ओठ हलवले. मग माझी नोंदवही पाहिली, स्वतःच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला. एवढा उतरलेला मी तो पुन्हा पाहिला नाही.

"माज्या वहीत होतं," ते हळू म्हणाले. "बिल्ला मारला तवाच कानाकडं बगून बाकी काडून लिवली होती. नंबर लिवत न्हाई मी. नंबर लिवला तर कुनी बी उचलंल. बाकी लिवली तर तिचा उपेग फकस्त जनावर समूर असंल तरच. हिची बाकी शून्य आल्ती. हजारात एकांदी येती अशी. म्हून ध्यानात हाय."

"कुठाय वही?" जमादारांनी विचारलं.

"जाळली."

आप्पा मोठ्याने हसले. "आन असती तरी काय? वही काय, आत्ता बी लिवता येती."

कडूबाई उठून पदर सावरत होती. माझ्या खिशात मोबाइल होता, त्यात फोटो होता, आणि फोटोवर तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती. आप्पांची गाय तेव्हा आप्पांच्याच गोठ्यात रवंथ करत होती. तो फोटो दाखवला की कडूबाई सुटणार होती आणि मी मामांसमोर उघडी पडणार होते. सांगायला लाज वाटते, पण मी दोन क्षण विचार केला. दोन नव्हे, चार.

मग मी तो फोटो उघडून मोबाइल मामांच्या हातात दिला. जमादारांच्या नाही, मामांच्याच.

त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. स्वतःच्या अक्षरातलं पान बराच वेळ बघत राहिले. वरची तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"फोटो चांगला आलाय," मामा म्हणाले आणि जमादारांकडे वळले. "साहेब, माज्यावर इस्वास ठिवू नका. तुमीच करा."

त्यांनी जमादारांना कागद-पेन दिलं. आधी दगडूची म्हैस आणि शेषेरावांची गाय आणवली. जमादारांनी घाम पुसत वजाबाक्या-बेरजा केल्या. म्हशीची बाकी आली चारशे बारा. गाईची सत्त्याऐंशी. फोटोतल्याप्रमाणे तंतोतंत. आता आवारात पन्नासेक माणसं जमली होती. शेवटी लाल गाय. नऊशे एकोणऐंशीतून पाचशे शहाऐंशी गेले, उरले तीनशे त्र्याण्णव. त्यात दोनशे सतरा मिळवले, झाले सहाशे दहा. त्यातून पहिला तुकडा, सहाशे दहाच, वजा.

"शून्य," जमादार म्हणाले.

"आता मॅडमनी लिवल्याला नंबर करा." तो केला. बाकी चोपन्न आली. "चोपन्नला नवानं भाग जातो," मामा म्हणाले. "शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नवाच्या पटीतच येतो. मॅडम खरं बोलत हाईत. आन ही खून माजी हाय. चूक माजी बी हाय."

जमादारांनी वही मिटली. कडूबाईने गाईचं दावं सोडलं, मामांच्या पायाला हात लावायला वाकली तसे ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "मेंढरं बगा आदी." आप्पांची गाय पंधरा दिवसांनी लांबच्या एका गावच्या कोंडवाड्यात सापडली. त्याबद्दल गावात फारसं कुणी बोललं नाही.

मामाही माझ्याशी फोटोबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. रागावले असते तर मी माफी मागितली असती. ते रागावले नाहीत, त्यामुळे ती मागायची राहून गेली. फक्त तेव्हापासून नोंदवहीत दोन खुणा होऊ लागल्या, एक नवाची, एक अकराची. अकराच्या ताळ्यात आकडे एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे असतात, त्यामुळे शेजारचे दोन आकडे उलटे झाले की तो लगेच ओरडतो. "नव एका डोळ्यानं आंधळा हाय," मामा म्हणाले, "मला ठावं पायजे होतं." ताळा आता मीही घ्यायची, त्यांच्याबरोबर, चारचौघांसमोर.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. नारळ, शाल, फोटो झाला. मी त्यांना मोबाइल नंबर मागितला. इतक्या वर्षांत तो ऑफिसात कुणाकडेच नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हातावरच्या कागदावर नऊ आकडे लिहिले.

"दहावा?"

"तुमी काडा. अकरानं जातो."

निवृत्तीनंतर ते परळीकडे, धर्मापुरीच्या बाजूला मुलीकडे राहायला गेले. दहावा आकडा मी त्याच संध्याकाळी काढला होता. फोन मात्र केला नाही. केला की आधी ती माफी मागावी लागणार होती, आणि दर वेळी वाटायचं, पुढच्या आठवड्यात. असं करता करता सव्वा वर्ष गेलं.

शेवटी या उन्हाळ्यात केला. बाईचा आवाज आला. मी कोण ते सांगायच्या आधीच तिने विचारलं, "दवाखान्यातल्या मॅडम का?"

"हो. मामा आहेत?"

"बाबा गेले की. दोन म्हैने झाले." मग म्हणाली, "तुमचा फोन येईल म्हनायचे. मी म्हनलं, कवा? तर म्हनले, येईल, पर उशिरा. त्यांना भागाकाराला येळ लागतो."

ती आपली सांगत होती, की बाबांची एक वही आहे, तिच्यात माझा नंबर आहे, आणि त्याच्याखाली पानंच्या पानं भागाकार आहेत. मी तिला त्या सगळ्या पानांचे फोटो पाठवायला सांगितलं.

सतराने, एकोणिसाने, तेविसाने, तिथून वर चढत गेलेले भागाकार. एकेका गप्प आकड्याने माझ्या गप्प आकड्याला विचारलेलं. निवृत्तीनंतरचं सगळं वर्ष त्यांनी त्यात घातलं होतं. शेवटचा भागाकार एक हजार एकशे त्रेपन्नचा. त्याच्याखाली लिहिलं होतं: "गेला. नजर ठेवायची गरज न्हाई." आणि लाल बरोबरची खूण.

मी कागद घेतला आणि माझा नंबर एक हजार एकशे त्रेपन्नने भागून पाहिला. मामांनीच लावलेली सवय. जात नाही. तीनदा केलं, तरी जात नाही. मग मी त्यांचा भागाकार ओळीओळीने तपासला. सगळा बरोबर आहे, शेवटच्या वजाबाकीपर्यंत. तिथे अकराशे चौऱ्याहत्तरातून अकराशे त्रेपन्न गेलेत.

मी मुलीला पुन्हा फोन लावला. "शेवटी शेवटी मामांना दिसत नव्हतं का हो?"

"दिसत न्हवतं कसं? सुईत दोरा तेच ओवून द्यायचे मला."

अकराशे चौऱ्याहत्तरातून अकराशे त्रेपन्न गेले की एकवीस उरतात. मामांनी तिथे शून्य लिहिलंय.